नंतर आणि मुळे

रात्रपाळीला मी टर्की तोलते.
पट्ट्यावरून येतात, सोललेल्या, गार,
काट्यावर क्षणभर थांबतात,
लाल आकडा स्थिरावतो, मी शिक्का मारते. पुढची.
नऊ तासांत एकदाही कुणी विचारत नाही
हा पक्षी कोण होता.

सकाळी विलमारमध्ये उणे बावीस.
गाडीला वायर जोडून ठेवावी लागते रात्रभर,
दाव्याला बांधल्यासारखी.
घरी पोचते तोवर देका खाली आलेली असते चहाला,
मोजे घालून, लिबानला घेऊन.

तिची गोष्ट मला पाठ आहे.
लिबान सव्वा वर्षाचा होता. आई म्हणायचा, दूध म्हणायचा,
खिडकीतल्या बर्फालाही काहीतरी म्हणायचा.
मंगळवारी सुई टोचली.
त्यानंतर शब्द एकेक करून उठून गेले,
निरोप न घेता.
"मंगळवार होता," ती दरवेळी म्हणते,
आणि चहातली लवंग बोटानं कडेला लावते.

लिबान आता सातचा. माझ्या फरशीवर बाटल्यांची झाकणं मांडतो,
निळी, मग फिकी निळी,
मग ज्या रंगांची नावं मला येत नाहीत ती.
एखादं मी हलवलं
तर माझ्याकडे न बघता परत जागेवर ठेवतो.
बरोबर असतो तो.

दुसरी गोष्ट सासूबाई सांगत नाहीत.
वर्सामेनं एकदाच सांगितली, गाडी चालवता चालवता,
समोरची काच पुसत.
छावणी. ताडपत्री. गोवर.
दोन बहिणी, एका आठवड्यात: सागल, मग उबाह.
किती मुलं, असं कुणी विचारलं तर सासूबाई पाच सांगतात.
आम्ही तीन मोजतो.

कुठली जड?
माझा काटा टर्कीला चालतो.
दोन्ही गोष्टींत एक आई बसलेली आहे
आणि दोघींच्याही डोळ्यांत मला बघवत नाही.

आणि बाकीच्या?
पट्ट्यावर माझ्या शेजारी चाळीस जणी आहेत.
त्यांच्या मुलांना सुया टोचल्या,
रात्रभर ती किरकिरली, सकाळी पाव मागू लागली.
चहाला बसून कोण सांगतं,
"ऐक ना, परवा माझ्या मुलाला काहीच झालं नाही"?

कावळा बसला, फांदी तुटली.
'नंतर' म्हणायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.
'मुळे' म्हणायचं तर खणावं लागतं मुळापर्यंत,
आणि कुणाच्या अंगणात खणायचं?
जे वय सुईचं, तेच वय
ते दिसू लागण्याचं. एवढं मी वाचलं होतं.
वाचलेलं तिच्यापुढे उच्चारवत नव्हतं.

मग एकदा देकानंच फोन पुढे केला.
लिबानचा पहिला वाढदिवस. केक, फुगे, मावश्या.
सगळ्या हाका मारतायत: लिबान! लिबान!
तो छताचा पंखा बघतोय.
पुन्हा हाका. पंखा.
त्या मंगळवारच्या तीन महिने आधी.
मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती.
"किती गोड होता," म्हणाली.
मी म्हटलं, "आहे."

गुलेदला घेऊन मी गुरुवारी गेले.
नर्स मार्गिट, चष्मा कपाळावर, हात गार.
"आठवड्यानं ताप येईल कदाचित," म्हणाली,
"आला तर फोन करा, रात्री सुद्धा."
देकाची गोष्ट मी खोटी ठरवली नाही.
फक्त गुलेदच्या मांडीवर ती ठेवली नाही.
तिला सांगितलंही नाही.

आठव्या रात्री ताप आला.
पाठ केलेलं सगळं मला एका झटक्यात आठवलं,
मंगळवार, लवंग, उठून जाणारे शब्द.
गुलेद, मी म्हटलं. गुलेद.
दहा वेळा म्हटलं असेन.
त्यानं वैतागून तोंड फिरवलं.

दार वाजलं. भिंती पातळ आहेत इथल्या.
देका, हातात ओलं फडकं.
दंडावर का पायावर, कधी, कशाला,
काही विचारलं नाही तिनं.
कपाळावर फडकं ठेवलं, उलटलं, पुन्हा ठेवलं.
मागे लिबान, पायजम्यात, अर्धा झोपेत,
पाळण्याच्या कडेला झाकणं लावत होता.
निळं. फिकं निळं.